आधी लंगडी घालून बघा : फुटबॉल खेळाडूंची हालचाल आणि तोल कसा तपासायचा

लहान मुलांची नवी बॅच आली की पहिल्या दिवशी मी बॉल बाहेरच काढत नाही. लंगडी खेळायला लावतो. दहा मिनिटं पोरांचा नुसता दंगा चालतो आणि मी कडेला वही घेऊन उभा असतो. कोण नेहमी उजव्याच पायावर लंगडी घालतो, दर उडीला कोणाचा गुडघा आत पडतो, कोण तिसऱ्या उडीला पाय टेकवून वर "टेकला नाही सर!" म्हणून भांडतो, हे सगळं आयतं दिसतं. त्या दिवशी वहीत एकही आकडा लिहायचा नसतो.

मूव्हमेंट स्क्रीनिंग म्हणतात ते याहून फार वेगळं नाही. खेळाडू खाली बसतो कसा, एका पायावर उभा राहतो कसा, उडी मारून जमिनीवर येतो कसा, हे ठरलेल्या पद्धतीने बघायचं आणि लिहून ठेवायचं. कोल्हापुरातल्या एखाद्या पेठेचा संघ असो, शाळेचा असो नाहीतर रविवारी सकाळी खेळणारे पन्नाशीचे काका असोत, दोघातिघांनी मिळून एका सकाळी वीस खेळाडू आरामात तपासून होतात. मशीन लागत नाही.

आधी एक गैरसमज काढून टाकू

या चाचण्या भविष्य सांगत नाहीत. फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन ही सात चाचण्यांची पद्धत ग्रे कुक आणि ली बर्टन या अमेरिकन तज्ज्ञांनी तयार केली. प्रत्येक चाचणीला ० ते ३ गुण, एकूण २१. "१४ किंवा त्याहून कमी गुण म्हणजे दुखापत होणार" हे वाक्य तुमच्या कानावर येईलच. ते आलं २००७ च्या एका अभ्यासातून. त्यात जेमतेम ४६ व्यावसायिक खेळाडू होते आणि तो फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, हेल्मेट घालून अंडाकृती बॉलने खेळतात तो! आपल्या चौदा वर्षांच्या विंगरला ती फूटपट्टी कशाला लावायची? नंतरच्या अभ्यासांत हा १४ चा आकडा फारसा टिकलाही नाही. २०१६ साली नॉर्वेचे क्रीडावैद्यक संशोधक रोआल्ड बार यांनी तर स्पष्टच मांडलं, की कोणाला दुखापत होणार हे अशा चाचण्यांवरून आधी ओळखता येत नाही.

मग करायच्या कशाला? मी करतो त्याची कारणं दोन. कुठेतरी दुखत असूनही खेळणारा खेळाडू यात सापडतो. आणि प्रत्येकाचा स्वतःचा आकडा हाताशी राहतो. सहा महिन्यांनी तो घोटा मुरगळून आला, की बरा झाला म्हणजे किती बरा झाला हे त्याच्याच जुन्या आकड्याशी ताडून बघता येतं. शेजारच्या पोराशी तुलना करून यातलं काहीच कळत नाही.

सामान

शिंप्याची टेप, कागदी चिकटपट्टीचं एक रोल, चार फुटांचा पीव्हीसी पाइप, दीड-दोन इंच जाडीची फळी, साधारण ३० सेंटिमीटर उंचीची भक्कम पायरी किंवा खोकं, मोबाइल आणि वही. जागा सपाट आणि कोरडी हवी. शाळेचा व्हरांडा उत्तम, मैदान नको. सगळे अनवाणी. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी चाचणी ठेवू नका, दमलेल्या पायांचे आकडे खोटे येतात. पाच मिनिटं हलकं पळून अंग गरम करून घ्या आणि पुढच्या वेळीही तितकंच करा.

मुलं अठराच्या आतली असतील तर पालकांना आधी सांगा. व्हिडिओ काढणार असाल तर तेही सांगा. मुलींच्या चाचणीला एखाद्या ताई किंवा मॅडम हजर असू द्या. व्हिडिओ काम झालं की पुसून टाकायचा, ग्रुपवर टाकायचा नाही.

पहिली पायरी : टेप नंतर, प्रश्न आधी

वहीत प्रत्येकाला एक पान. वर जन्मतारीख, उंची, वजन, शूट मारायचा पाय. मग तीन प्रश्न. गेल्या वर्षभरात काय दुखावलं होतं? आत्ता कुठे दुखतंय? त्यामुळे किती दिवस खेळ सुटला होता?

हे प्रश्न उरकून टाकू नका. आधी झालेली दुखापत ही पुढच्या दुखापतीची सगळ्यात भरवशाची खूण आहे, कुठल्याही उडीपेक्षा किंवा बैठकीपेक्षा. पण पोरं सांगत नाहीत. कोच शेजारी उभे असतील तर "काही नाही सर, एकदम ओके." म्हणून प्रश्न विचारताना कोचना चहाला पाठवतो. मग हळूच निघतं, "सर, डावा घोटा दिवाळीपासून जरा येडाच झालाय." ही माहिती संघनिवडीसाठी वापरायची नाही, हे कोचशी आधीच ठरवून घ्या. एकदा का कळलं की खरं बोललं तर बाहेर बसावं लागतं, की पुढच्या वर्षी सगळ्यांचं सगळं ओके असतं.

दुसरी पायरी : खाली बसणं

पाइप दोन्ही हातांनी डोक्यावर सरळ धरायचा, पाय खांद्याएवढे फाकवून पंजे समोर, आणि टाचा न उचलता जाईल तितकं खाली बसायचं. कडेने आणि समोरून, दोन्हीकडून बघा. मांड्या आडव्या रेषेच्या खाली गेल्या, पाठ नडगीशी समांतर राहिली, गुडघे पंजांच्या रेषेत आणि पाइप पावलांच्या वर राहिला तर ३. टाचांखाली फळी दिल्यावर हे सगळं जमलं तर २. फळी देऊनही जमलं नाही तर १. कुठेही दुखलं तर ०, मग बैठक कितीही देखणी असो.

आमच्याकडे इथे एक गंमत होते. कोल्हापुरात बरेचसे संघ तालमींचे. 'बैठक मार' म्हटलं की तालमीत घाम गाळलेलं पोरगं थेट चवड्यावर बसतं, कारण जोर-बैठकांमधली बैठक टाच उचलूनच मारतात. त्याच्या घोट्यात काही दोष नसतो, सवय असते. म्हणून 'बैठक' हा शब्दच टाळा. "उकिडवा बस, टाच टेकवून" म्हणा. उलट लहानपणापासून खुर्ची आणि कमोडवर वाढलेली काही मुलं उकिडवं बसताना चक्क मागे कलंडतात.

फळी दिल्यावर बैठक एकदम सुधारली तर संशय घोट्यावर. तो लगेच पडताळता येतो. भिंतीकडे तोंड करून पाऊल सरळ ठेवायचं आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवायचा. जमलं की पाऊल थोडं मागे. गुडघा जेमतेम टेकतोय अशा ठिकाणी अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. मोठ्या माणसात १० सेंटिमीटरच्या आसपास येतं. त्या आकड्यापेक्षा दोन पायांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो. तो दोन सेंटिमीटरच्या वर असेल तर जुनी मुरगळ विचारा, बहुतेक वेळा असतेच.

ही बैठक फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीनमधली. त्या पद्धतीतल्या बाकीच्या चाचण्या (अडथळा ओलांडणं, एका रेषेत पाय ठेवून लंज, पाठीवर झोपून सरळ पाय उचलणं, खांदे, पुशअप, ओणवं राहून हात-पाय लांबवणं) नव्याने सुरुवात करणाऱ्याने पहिल्या वर्षी सोडल्या तरी चालेल. त्यातली सरळ पाय उचलण्याची तेवढी ठेवा, मांडीची मागची शीर किती आखडली आहे ते त्यात दिसतं. खांद्याची चाचणी गोलकीपरपुरती.

तिसरी पायरी : जमिनीवरचा वाय

तोलाची मुख्य चाचणी ही. जमिनीवर इंग्रजी वाय (Y) अक्षरासारख्या तीन पट्ट्या आखायच्या आणि मध्यावर एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायाने त्या तीन दिशांना जास्तीत जास्त लांब पोहोचायचं. तयार किट मिळतं, पण चिकटपट्टीने काम भागतं.

वाय आखायची युक्ती अशी. जमिनीवर काटकोनात दोन पट्ट्या चिकटवा, वर्तमानपत्राचा कोपरा ठेवलात की काटकोन मिळतो. तोच कोपरा बरोबर मधोमध दुमडला की ४५ अंश झाले. दुमडलेला कागद कोपऱ्यात ठेवा, मधली रेषा कळेल, आणि तीच रेषा उलट्या बाजूला, कोपऱ्याच्या बाहेर वाढवा. ही पुढची पट्टी. पुढची आणि मागच्या दोन्ही, यांच्यामध्ये १३५ अंश आपोआप येतात. प्रत्येक पट्टी दीड मीटर ठेवा आणि टेपने खुणा करून घ्या.

आता पायाची लांबी. खेळाडूला उताणं झोपवा, कमरेच्या पुढच्या बाजूला हाताला लागणाऱ्या टोकदार हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत मोजा. ही पायरी चुकवली तर पुढचा हिशोब वाया, कारण लांब पायाचा पोरगा लांब पोहोचणारच.

मग खेळाडू मध्यावर एका पायावर उभा. हात कमरेवर, टाच जमिनीला. मोकळ्या पायाचा अंगठा आधी पुढच्या पट्टीवर जाईल तितका लांब नेऊन हलकेच टेकवायचा आणि परत यायचं. मग मागे, मोकळ्या पायाच्याच बाजूच्या पट्टीवर. मग मागे, उभ्या पायाच्या पाठीमागून पलीकडच्या पट्टीवर. अंगठ्यावर भार दिला, टाच उचलली, हात सुटला किंवा परत येताना तोल गेला तर ती खेप बाद. आधी प्रत्येक दिशेला चार खेपा सरावाच्या द्या, कारण पहिल्या काही खेपांत पाय नुसता शिकत असतो. मग तीन मोजा आणि सगळ्यात चांगली लिहा.

हिशोब उदाहरणाने बघू. पायाची लांबी ८२ सेंटिमीटर. उजव्या पायावर उभं राहून पुढे ५५, मागे मोकळ्या बाजूला ९२, मागे पलीकडे ८७. बेरीज २३४. पायाच्या लांबीची तिप्पट २४६. २३४ भागिले २४६ गुणिले १०० म्हणजे साधारण ९५ टक्के. डाव्यावर ५०, ९०, ८६, बेरीज २२६, म्हणजे ९२ टक्क्यांना थोडं कमी. आणि पुढच्या दिशेत दोन पायांत ५ सेंटिमीटरचा फरक.

पुढच्या दिशेत ४ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असला की सावध राहा, असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो आकडा २००६ साली अमेरिकेत शाळकरी बास्केटबॉल खेळाडूंच्या अभ्यासातून आला. फुटबॉलमध्ये तो तितका पक्का नाही. मी त्याचा उपयोग 'पुन्हा नीट बघ' एवढ्यापुरताच करतो. वरच्या उदाहरणातल्या मुलाची भिंतीची चाचणी मी परत घेईन, कारण पुढे पोहोचायचं तर घोटा वाकावा लागतो आणि पुढचा आकडा कमी येण्याचं कारण बरेचदा तोलात नसतं, आखडलेल्या घोट्यात असतं. दुसरं म्हणजे फुटबॉलपटू उजव्याने शूट मारतो तेव्हा उभा असतो डाव्यावर. त्यामुळे 'माझा डावा कच्चा आहे' म्हणणाऱ्यांचा डावा तोलाला भक्कम निघालेला मी कितीदा बघितलाय.

चिकटपट्टीवरचे आकडे आणि किटवरचे आकडे एकमेकांशी जुळवू नका. एक पद्धत धरली की तीच.

चौथी पायरी : उडी

३० सेंटिमीटरच्या खोक्यावरून पुढे उडी, दोन पायांवर उतरायचं आणि लगेच जाईल तितकी उंच दुसरी उडी. मोबाइल समोर ठेवून स्लो मोशनमध्ये घ्या, मग कडेने. बघायचं एवढंच : उतरताना गुडघे एकमेकांकडे जातात का, पाय ताठ राहून 'धप्प' आवाज येतो का, एक पाय आधी टेकतो का. आवाज ऐका, खरंच. चांगलं उतरणारा खेळाडू मांजरासारखा उतरतो, पाठमोरं उभं राहिलात तरी कळतं.

वयाप्रमाणे काय बदलतं

सात ते अकरा. वाय नको, टक्केवारी नको. लंगडी, बगळ्यासारखं एका पायावर उभं राहणं, उडी मारून पुतळा होणं, उकिडवं बसणं. या वयात एकाच मुलाचे आकडे सोमवारी एक आणि गुरुवारी दुसरे येतात, कारण सोमवारी कडेने आइस्क्रीमवाला गेलेला असतो. फक्त दोन गोष्टी लिहून ठेवा : दुखतंय का, आणि एक पाय दुसऱ्यापेक्षा फारच मागे आहे का.

बारा ते पंधरा. इथे मी स्वतः मोठी चूक केली आहे. सुरुवातीच्या वर्षी एका चौदा वर्षांच्या मिडफिल्डरचे आकडे सहा महिन्यांत सगळे घसरले. बैठक ३ वरून १, वाय आठ टक्क्यांनी खाली. मी त्याला ढीगभर व्यायाम लावले आणि वर "लक्ष नाही तुझं" असंही सुनावलं. त्याची आई म्हणाली, "सर, दिवाळीत घेतलेली पँट आता घोट्याच्या वर आलीय." भिंतीला लावून मोजला तर पाच सेंटिमीटर वाढला होता. हाडं आधी वाढतात, स्नायू मागून येतात, आणि मेंदूला या नव्या लांब पायांचा अंदाज यायला वेळ लागतो. मुलींमध्ये वाढीचा हा झपाटा साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांमध्ये चौदाव्या. त्या काळात मुलगा वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरही वाढतो.

म्हणून या वयात दर तीन महिन्यांनी उंची, आणि प्रत्येक चाचणीला पायाची लांबी नव्याने. जुनी लांबी धरून टक्के काढले तर आकडा फसवतो. उंची भराभर वाढत असेल तर उड्या आणि सामने थोडे कमी करा, तोलाचे व्यायाम चालू ठेवा. गुडघ्याखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेच्या मागे दाबल्यावर दुखत असेल तर ते वाढत्या हाडावर ताण येत असल्याचं लक्षण असू शकतं, डॉक्टरांना दाखवा. 'वाढीचं दुखणं, जाईल आपोआप' म्हणून खेळवत राहू नका. आणि चौदाखालच्या संघात जन्मदाखले सारखे असले तरी एकाला मिसरूड फुटलेली असते आणि दुसरा अजून पाचवीतला वाटतो, त्या दोघांचे आकडे शेजारी ठेवून काय उपयोग?

मुलींच्या बाबतीत वयात आल्यानंतर उडीची चाचणी अजिबात सोडू नका. गुडघ्यातला एसीएल हा लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटण्याचा धोका फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना मुलांच्या दुप्पट-तिप्पट असतो. गुडघे आत पडत असतील तर उतरण्याची पद्धत शिकवता येते आणि या वयात ती पटकन बसते.

सोळा ते तीस. वरचं सगळं, पूर्ण. इथले आकडे स्थिर असतात म्हणून तुलना खरी ठरते. हंगामाआधी एकदा आणि मध्ये एकदा पुरे.

पस्तिशीच्या पुढे क्रम उलटा : आधी डॉक्टर, मग मी. छातीत दुखणं, दम लागणं, बीपी, शुगर यांपैकी काही असेल तर तपासून आल्याशिवाय खोक्यावर चढवायचं नाही. हृदयाचं या चाचण्यांत काहीच कळत नाही. मग एका पायावर दहा सेकंद उभं राहणं. सोपं वाटतं, पण २०२२ साली ब्राझीलच्या संशोधकांनी ५१ ते ७५ वयाच्या १७०० जणांना उभं केलं तेव्हा दर पाचांतल्या एकाला ते जमलं नाही. आमचे काका लोक यात हमखास पैज लावतात. उडीच्या जागी खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठणं घ्या. यांचं दुखणं बहुतेक वेळा तोलात नसतंच. गाडी लावली, बूट बांधले आणि थेट स्प्रिंट, यात असतं.

आकडे हातात आल्यावर

वीस जणांना वीस वेगवेगळे व्यायाम देऊ नका, कोणी करत नाही. शून्य मिळालेल्यांना बाजूला काढून फिजिओ किंवा डॉक्टरांकडे पाठवा. बाकी सगळ्यांना फिफा ११+ हा वॉर्म-अप लावा. २००६ साली तयार झालेला, पंधरा व्यायामांचा, सुमारे वीस मिनिटांचा, आठवड्यातून किमान दोनदा. नॉर्वेत १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या संघांवर तो करून बघितला तेव्हा एकूण दुखापती साधारण एक तृतीयांशाने घटल्या. ७ ते १३ वयासाठी त्याची लहान मुलांची आवृत्ती आहे, युरोपातल्या चार देशांत ती वापरली तेव्हा दुखापती जवळपास निम्म्यावर आल्या. म्हणजे चाचणीत कोणी मागे असो वा पुढे, वॉर्म-अप सगळ्यांनीच करायचा. आकड्यांवरून ठरवायचं ते फक्त वरचं एखाददुसरं : घोटा आखडलेल्याला भिंतीपाशी रोज दोन मिनिटं, एका पायावर डगमगणाऱ्याला दात घासताना एका पायावर उभं राहणं. दात सगळेच घासतात, त्यामुळे हा व्यायाम चुकत नाही.

सहा ते आठ आठवड्यांनी तोच व्हरांडा, तीच पट्टी, शक्य तर टेप धरणारा माणूसही तोच. माणूस बदलला की दोन-तीन सेंटिमीटर सहज इकडेतिकडे होतात. तेवढ्या फरकावर खेळाडूला शाबासकीही देऊ नका आणि झापूही नका. पुढच्या चाचणीची तारीख पानाच्या वरच्या कोपऱ्यात आजच लिहून ठेवा. स्पर्धा सुरू झाली की ही वही कपाटात कुठे गेली, हेसुद्धा कोणाला आठवत नाही.